घरी मोजलेली शुगर किती खरी? मध्य आणि दक्षिण मुंबईच्या संदर्भात एक आढावा

मधुमेहाच्या उपचारातील मोठे निर्णय दवाखान्यात होत असले, तरी आज इन्सुलिन नेहमीएवढेच घ्यायचे की दोन युनिटांनी कमी, संध्याकाळी फिरायला निघण्याआधी काही खायचे की नाही, संकष्टीच्या उपासाला गोळी घ्यायची की टाळायची, हे रोजचे निर्णय रुग्णाच्या घरीच होतात. आणि ते ज्या आकड्यावर होतात तो आकडा बोटाला सुई टोचून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबातून येतो. हा आकडा कितपत खरा मानावा, तो कोणत्या कारणांनी बिघडतो, आणि साध्या घरात, फारसा खर्च न वाढवता, तो भरवशाचा कसा करता येतो, हा या आढाव्याचा विषय आहे. रक्तातील ग्लुकोजच्या प्रमाणाला शास्त्रीय लेखनात रक्तशर्करा म्हणतात आणि गिरगावापासून लालबागपर्यंतच्या घरांत सरसकट ‘शुगर’ म्हणतात. येथे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत, म्हणजे साखर सामान्यापेक्षा जास्त पण मधुमेहाच्या मर्यादेखाली असलेल्या स्थितीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ या पद्धतीने मुंबई महानगरपालिकेने २०२१ साली केलेल्या पाहणीत शहरातील सुमारे १८ टक्के प्रौढांमध्ये रक्तशर्करा वाढलेली आढळली. या प्रमाणाने पाहता परळच्या एखाद्या चाळीच्या प्रत्येक मजल्यावर निदान एका घरी तरी साखर मोजण्याचे मशीन असावे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

मधुमेहाच्या उपचाराची या शहरातील परंपराही जुनी आहे. १९५५ साली मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि माहीमचे रहेजा रुग्णालय या आजाराचे विशेष केंद्र म्हणून उभे राहिले. परळचे १९२६ पासून चालू असलेले केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर ही पालिकेची रुग्णालये आजही हजारो मधुमेही रुग्णांचा आधार आहेत. मात्र या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणारा वेळ मोजका असतो, आणि त्या मोजक्या वेळात रुग्णाच्या वहीतील आकडे हेच गेल्या महिन्याचे एकमेव साक्षीदार असतात. ते आकडे चुकीचे असतील तर उत्तम डॉक्टरचा सल्लाही चुकीच्या दिशेने जाईल, म्हणून घरच्या मोजणीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न हा गौण तांत्रिक तपशील न राहता उपचाराच्या मुळाशी येतो.

लघवीच्या परीक्षेपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

‘मधुमेह’ या शब्दातच मोजणीचा पहिला इतिहास दडलेला आहे. लघवीला येणारी गोडी आणि तिच्याकडे जमणाऱ्या मुंग्या ही या आजाराची खूण भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०८ च्या सुमारास, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी तयार केलेल्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब घालून ते उकळले की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी ते विटकरी असा रंग येई, आणि कित्येक दशके हीच घरगुती परीक्षा होती. १९४१ मध्ये आलेल्या गोळ्यांमुळे स्टोव्हची आणि १९५६ मध्ये आलेल्या लघवीच्या पट्टीमुळे परीक्षानळीची गरज संपली. परंतु लघवीच्या कोणत्याही परीक्षेत एक मूलभूत उणीव होती: रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ती लघवीत सोडत नाहीत, त्यामुळे ९० आणि १७० यांतील फरक या परीक्षेला दिसत नसे, आणि साखर धोकादायक रीतीने उतरली असेल तर तिला काहीच कळत नसे. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी काही तासांपूर्वीची हकिगत सांगते, आताची नाही.

रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यास आली, आणि तो रंग डोळ्यांऐवजी प्रकाशाने मोजणारे, एक किलोहून जड असे पहिले यंत्र १९७० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. ते दवाखान्यांसाठी होते. दरम्यान १९६२ साली लेलंड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने विकर आणि विद्युत्अग्र यांची जोड घालून ग्लुकोज विद्युत्प्रवाहाच्या रूपाने मोजण्याची कल्पना मांडली होती. विकर म्हणजे विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. या कल्पनेवर आधारलेले, पेनाएवढे पहिले घरगुती मीटर १९८७ मध्ये बाजारात आले. आज दादरच्या कोणत्याही केमिस्टकडे मिळणारी यंत्रे याच तत्त्वाची वारसदार आहेत. २०१४ च्या आरंभी आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दोन स्वदेशी, कमी खर्चाचे ग्लुकोमीटर लोकांसमोर आणले, त्यांपैकी एकाच्या घडणीत आयआयटी मुंबईचा सहभाग होता, ही गोष्ट या शहराच्या दृष्टीने विशेष नोंदण्यासारखी आहे.

पट्टीच्या आत काय घडते आणि अचूकतेचा अर्थ काय

पट्टीच्या टोकाशी असलेल्या बारीक नळीत रक्त आपोआप ओढले जाते आणि तेथे वाळवून ठेवलेल्या विकराशी त्यातील ग्लुकोजची क्रिया होते. या क्रियेतून सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युत्अग्रापर्यंत पोहोचतात आणि त्या अतिसूक्ष्म प्रवाहाचे यंत्र आकड्यात रूपांतर करते. म्हणजे खरी प्रयोगशाळा पट्टीत असते आणि मशीन हे तिचे मोजमाप वाचणारे साधन असते. मशीनच्या किमतीकडे आणि पडद्याच्या आकाराकडे पाहणारा ग्राहक पट्टीच्या डबीवरील तारीख वाचत नाही, ही या व्यवहारातील पहिली चूक होय.

अचूकतेची सर्वमान्य कसोटी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २०१३ च्या १५१९७ क्रमांकाच्या मानकात आहे. प्रयोगशाळेतील साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा मशीनचे किमान ९५ टक्के आकडे तिच्या १५ टक्के इकडेतिकडे असावेत, आणि १०० च्या खाली असेल तेव्हा ते १५ मिलिग्रॅमच्या आत असावेत, असे हे मानक सांगते. व्यवहारात याचा अर्थ असा, की खरी साखर २०० असताना मशीनने १७० दाखवले काय किंवा २३० दाखवले काय, मशीन नापास होत नाही. आणि खरी साखर ८० असताना ६५ ते ९५ मधील कोणताही आकडा नियमात बसतो. त्यापुढे, उरलेल्या पाच टक्के आकड्यांना ही मर्यादाही लागू नाही. म्हणून पाच मिनिटांच्या अंतराने आलेले १६२ आणि १७८ हे आकडे परस्परविरोधी नसून एकाच साखरेची दोन वाचने आहेत, आणि त्यांतील फरकावरून जेवणातील भाकरी अर्धी करणे किंवा गोळी वाढवणे निराधार आहे. उलट, नेहमी १४० च्या आसपास राहणारी उपाशीपोटीची शुगर सलग आठवडाभर १८० च्या घरात येत असेल, तर तो बदल मशीनच्या त्रुटीने स्पष्ट होत नाही आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. या एका भेदाची समज आली की घराघरांतली बरीच घालमेल ओसरते.

हात आणि थेंब

घरच्या मोजणीतील सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक बोटावर असते. थेंबाचे आकारमान मायक्रोलिटरच्याही अंशात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान असल्याने बोटावर चिकटलेली नजरेला न दिसणारी साखरही त्यात मिसळून आकडा शंभरांनी वाढवू शकते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फळे सोलल्यानंतर हात न धुता घेतलेल्या वाचनात साखर खोटी वाढलेली दिसली. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर ती पूर्ववत झाली, पण स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसून ती दूर झाली नाही. हापूसचा आंबा कापून झाल्यावर, मोदकाचे सारण वळताना मध्येच किंवा प्रसादाचा पेढा हातावर घेतल्यावर केलेली मोजणी नेमकी याच कारणाने फसवी ठरते. कोविडच्या काळापासून हाताशी आलेले सॅनिटायझर जंतूंसाठी उपयोगी असले तरी साखर धुऊन काढण्यासाठी त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि बोट नीट वाळलेले नसेल तर उरलेले स्पिरिट अथवा पाणी थेंब पातळ करून आकडा उतरवते. साबण, वाहते पाणी आणि कोरडे फडके या तीन गोष्टींना पर्याय नाही. प्रवासात किंवा कामाच्या जागी पाणी मिळण्यासारखे नसेल, तर पहिला थेंब स्वच्छ कापसाने पुसून दुसरा थेंब वापरावा.

थेंब कसा काढला यालाही महत्त्व आहे. बोट जोराने पिळले की पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा बिघडतो, म्हणून टोचण्याआधी हात काही क्षण खाली सोडून हलवावा आणि बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच दाब द्यावा. टोचायचे ते बोटाच्या पेरावर मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, कारण तेथे वेदना कमी आणि रक्त पुरेसे असते. मासे कापणे, भांडी घासणे, हातमाग किंवा यंत्रावर काम करणे यांमुळे ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत अशा लोकांसाठी हा सल्ला विशेष मोलाचा आहे. पट्टीला रक्त कमी पडल्यावर वरून दुसरा थेंब लावण्याची सवय मात्र सोडावी, कारण तसे करण्याची मुभा मोजक्याच पट्ट्यांमध्ये असते.

चाळीत एकमेकांच्या उपयोगी पडण्याच्या प्रेमळ रीतीमुळे एकाच मशीनवर शेजारपाजारच्या तिघाचौघांची शुगर पाहिली जाते. मशीनचा असा वापर करायचाच झाला तर तो स्वच्छता पाळून करावा, परंतु सुई आणि टोचण्याचे पेन कधीही दुसऱ्याला देऊ नये, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातून कावीळ-ब सारखा आजार पसरू शकतो. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या जाड डब्यात साठवाव्यात आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तशाच टाकू नयेत, कारण तो कचरा हाताळणाऱ्या सफाई कामगाराचे बोट हे शेवटी कोणाचे तरी बोटच असते.

पट्टी आणि मुंबईची हवा

पट्टीवरील विकर ओलावा आणि उष्णता या दोघांनाही घाबरून असते. बहुतेक पट्ट्या साधारण ४ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात आणि बंद डबीत ठेवाव्यात असे त्यांच्यावर छापलेले असते; डबीच्या आतल्या बाजूला किंवा झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो आणि झाकण मिटताना येणारा ‘टक्’ असा आवाज त्याची ग्वाही असतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि एप्रिल-मे मध्ये घराच्या आतले तापमानही सहज ३० अंशांपलीकडे जाते. अशा शहरात दहा बाय बाराच्या खोलीत, गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर किंवा ओलसर मोरीजवळच्या कपाटात ठेवलेली डबी काही आठवड्यांत निकामी होऊ शकते, आणि तिच्यातली पट्टी ‘एरर’ न दाखवता चुकीचा आकडा शांतपणे दाखवत राहते. उपाय म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवणे अधिक घातक असते, कारण थंड डबी दमट हवेत उघडताच पट्ट्यांवर दव जमते. निवासी खोलीतील, ओट्यापासून दूर, उन्हाचा कवडसा न येणारे कपाट ही त्यासाठीची योग्य जागा आहे. पट्ट्या सोयीसाठी दुसऱ्या डबीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवू नयेत, दरवेळी एक पट्टी काढून झाकण लगेच लावावे, आणि डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, कारण छापील मुदत न उघडलेल्या डबीची असते आणि उघडल्यानंतर काही पट्ट्यांचे आयुष्य तीन ते सहा महिन्यांचेच असते.

हाच निकष गणेशोत्सवाच्या मंडपात, शाखेत किंवा सोसायटीच्या आवारात भरणाऱ्या मोफत तपासणी शिबिरांना लावला पाहिजे. ही शिबिरे आपुलकीने भरवली जातात आणि कित्येकांना आपला आजार तेथेच प्रथम कळतो, त्यामुळे त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु भाद्रपदातल्या दमट हवेत टेबलावर सकाळपासून उघडी राहिलेली डबी, प्रसाद घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक आणि हात धुण्याची सोय नसणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आकड्याचा अर्थ ढिला होतो. एक बादली पाणी, साबणाची वडी, झाकण मिटण्याची शिस्त आणि वाढीव आकडा आलेल्या प्रत्येकाला प्रयोगशाळेतील तपासणीची चिठ्ठी, एवढ्याने अशा शिबिराचा दर्जा कितीतरी उंचावेल. घरातील किंवा शिबिरातील मशीनच्या आकड्यावरून मधुमेहाचे निदान करू नये. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, या निदानाच्या मर्यादा प्रयोगशाळेच्या मोजणीसाठी ठरवलेल्या आहेत.

प्रयोगशाळेशी तुलना

मशीनने १५२ दाखवले आणि त्याच दिवशीच्या अहवालात १३१ आले की घरात दोन पक्ष पडतात, आणि बहुधा मशीन खोटे ठरते. या तुलनेत मात्र अनेक सूक्ष्म अटी आहेत. जेवणानंतर बोटाच्या टोकाशी असलेल्या केशवाहिन्यांतील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर जास्त असते, कारण शिरेतले रक्त ऊतींना साखर देऊन परतलेले असते. हा फरक २० ते ३० मिलिग्रॅम किंवा कधी त्याहूनही अधिक असू शकतो. उपाशीपोटी तो जवळजवळ नसतो, म्हणून तुलना उपाशीपोटीच करावी. दुसरे असे, की प्रयोगशाळा रक्तातील पेशी वेगळ्या करून उरलेल्या द्रवातील, म्हणजे प्लाझ्मातील साखर मोजते आणि ती संपूर्ण रक्तातील साखरेपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असते. आजची बहुतेक मशीन हा हिशेब आतच करून प्लाझ्माचा आकडा दाखवतात, पण तशी नोंद पुस्तिकेत पाहून घ्यावी.

तिसरी अट कमी लोकांना ठाऊक असते. नळीत काढलेल्या रक्तातील जिवंत पेशी साखर खात राहतात आणि साध्या तापमानाला ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. उन्हाळ्यात हा वेग आणखी वाढतो. हे थांबवण्यासाठी राखाडी झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड घातलेले असते, परंतु त्याचा पूर्ण परिणाम होण्यास एक-दोन तास लागतात. सकाळी सहा वाजता गिरगावात रक्त घेऊन, वाटेत आणखी आठ-दहा घरे करून, मे महिन्याच्या उन्हात दुचाकीवरच्या पिशवीतून पोहोचलेला नमुना जर उशिरा मोजला गेला, तर अहवालातील आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो आणि दोष मशीनच्या माथी बसतो. म्हणूनच, अहवाल हा अंतिम शब्द मानण्याआधी नमुना थंड पेटीत नेला जातो का, किती वेळात वेगळा केला जातो, एवढे दोन प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

शरीरातील कारणे

रक्तात तांबड्या पेशींचे जे प्रमाण असते त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. ते कमी असेल, म्हणजे रक्तक्षय असेल, तर बहुतेक मशीन साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि ते जास्त असेल तर कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता हा मुद्दा घरोघरीच्या गृहिणींचा आहे. मशीन ज्या मर्यादेत खरे बोलते ती हिमॅटोक्रिटची मर्यादा पट्टीच्या कागदावर छापलेली असते आणि डॉक्टरांनी ती रुग्णाच्या अहवालाशी ताडून पाहावी. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि काही मशीनच्या बाबतीत पॅरासिटामॉलही आकडा बदलतात. पोटाद्वारे केल्या जाणाऱ्या डायलिसिसमध्ये आयकोडेक्स्ट्रिन हा पदार्थ वापरला जात असेल, तर विशिष्ट विकरावर चालणाऱ्या काही पट्ट्या त्यापासून बनणाऱ्या माल्टोजलाच ग्लुकोज समजतात. उतरलेली साखर चढलेली दिसून रुग्ण दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. अतिसार, उलट्या, ताप किंवा रक्तदाब खूप उतरणे यांमुळे बोटापर्यंत रक्त नीट पोहोचत नसेल, तर बोटाच्या थेंबावर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे.

केव्हा, किती वेळा आणि कोणासाठी

अचूक आकडाही अवेळी घेतला तर निरुपयोगी असतो. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता; त्यात सकाळचा अर्धा कप चहाही बसत नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि रताळी यांनी ज्या दिवशी ‘उपास’ होतो त्या दिवशीची दुपारची शुगर इतर दिवसांपेक्षा जास्त येते, आणि तोच उपास काहीही न खाता केला तर गोळ्यांमुळे ती उतरण्याचा धोका असतो, म्हणून आषाढी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र या दिवसांची मोजणी वेगळी नोंदून ठेवावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, विशेषतः दिवसातून अनेकदा घेणाऱ्यांनी, जेवणांआधी, झोपताना आणि अंग थरथरणे, दरदरून घाम सुटणे, धडधडणे अशी लक्षणे दिसताच मोजणी करणे अत्यावश्यक आहे. ७० च्या खालचा आकडा आला तर तो खरा मानून आधी साखर द्यावी, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. येथे मशीनच्या अचूकतेची चर्चा नंतर करता येते. इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांबाबत मात्र संशोधनाचा कल वेगळा आहे: रोज ठरल्याप्रमाणे बोट टोचण्याचा तीन महिन्यांच्या सरासरीवर होणारा फायदा थोडा असून वर्षभरात तो ओसरतो, असे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. त्याच वेळी, ठरावीक आराखड्याने मोजून ते आकडे डॉक्टरांसह वाचले गेले तर सुधारणा होते, असेही अभ्यास आहेत. यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराला धरून आहे. एका पट्टीला वीस रुपये धरले तर दिवसातून चारदा मोजण्याचा महिन्याचा खर्च चोवीसशे रुपये होतो, आणि निवृत्त गिरणी कामगाराच्या घराला तो पेलणारा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटरवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, परंतु मशीन एकदा घ्यायचे असते आणि पट्ट्या जन्मभर. म्हणून अशा घरांनी जोडीने मोजणी करावी: सोमवारी न्याहारीआधी व नंतर, बुधवारी दुपारच्या जेवणाआधी व नंतर, शुक्रवारी रात्रीच्या. आठवड्याला सहा पट्ट्यांत आपल्या ताटातील कोणता पदार्थ किती साखर चढवतो हे उलगडते.

गर्भवतींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्यांच्यासाठीची ध्येये, उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, इतकी काटेकोर आहेत की १५ टक्क्यांची त्रुटीही निर्णय बदलू शकते. परळच्या वाडिया प्रसूतिगृहासारख्या ठिकाणी तपासणीस जाताना त्यांनी स्वतःचे मशीन सोबत नेऊन ताडून घेणे हितावह आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ठाणे, पुणे किंवा परदेशातील मुले मशीनच्या पडद्याचे छायाचित्र मागवून घेतात. ही चांगली प्रथा आहे, फक्त मशीनमधील तारीख आणि वेळ बरोबर लावलेली असावी, अन्यथा त्याच्या स्मरणातील शेकडो आकडे कोणत्याही जेवणाशी जोडता येत नाहीत.

तीन महिन्यांची शुगर आणि त्वचेखालचा सेन्सर

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेच्या टक्केवारीला एचबीएवनसी म्हणतात आणि ती मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४. घरच्या वहीची सरासरी आणि हा अंदाज यांत मोठी तफावत असेल तर दोघांपैकी एकाचा शोध घ्यावा लागतो. मोजणी नेहमी उपाशीपोटीच होत असेल तर जेवणानंतरची चढण वहीत उतरलेलीच नसते. दुसरीकडे लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी खोटे वाढते, तर रक्तस्राव, रक्त चढवणे किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट करणारे आजार यांमुळे ते खोटे उतरते. एकच स्त्री लोहाअभावी रक्तक्षयी असेल तर तिचे मशीन आणि तिचे एचबीएवनसी दोन्ही एकाच दिशेने फसवू शकतात, ही शक्यता डॉक्टरांनीही ध्यानात ठेवली पाहिजे.

दंडावर चिकटवून चौदा दिवस वापरण्याचा सेन्सर रक्ताऐवजी पेशींमधील द्रवातील साखर मोजतो. तो दर काही मिनिटांनी आकडा देतो, रात्रीची उतरण दाखवतो आणि साखर वर जात आहे की खाली हे सांगतो; चांगल्या सेन्सरांची सरासरी त्रुटी ९ ते १० टक्के आहे. मात्र साखर झपाट्याने बदलत असताना तो रक्ताच्या ५ ते १५ मिनिटे मागे असतो, आणि त्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटी उतरण दिसते. शरीराची लक्षणे आणि सेन्सर यांत विसंगती असेल तर बोटाच्या थेंबाकडे परतावे. त्वचेला न टोचता साखर मोजतो असे सांगून विकली जाणारी घड्याळे आणि अंगठ्या यांपैकी कोणालाही मान्यता नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे; त्यांवर विसंबून इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते.

समारोप

या सर्व विवेचनातून एक गोष्ट ठळक होते. आजच्या मान्यताप्राप्त मशीनची स्वतःची त्रुटी ठाऊक आहे, मर्यादित आहे आणि उपचारासाठी पुरेशी लहान आहे. जी त्रुटी मोठी होते ती न धुतलेल्या हाताने, ओलावलेल्या पट्टीने, चुकीच्या वेळेने आणि अर्धवट तुलनेने होते, आणि या चारही गोष्टी घरातील माणसांच्या हाती आहेत. मशीनसोबत किंवा मागणीनुसार मिळणारे कंट्रोल द्रावण, म्हणजे साखरेचे ठरावीक प्रमाण असलेला द्रव, नवी डबी उघडताना वापरून पाहावे आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का हे तपासावे, असे पुस्तिका सांगते, पण ते द्रावण ठेवणारे केमिस्ट थोडे आहेत. ते मागितले गेले तरच दुकानात येईल, म्हणून ते मागणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

ते मिळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाला एक उपाय आजच करता येतो. दर तीन-सहा महिन्यांनी उपाशीपोटीच्या तपासणीस प्रयोगशाळेत स्वतः जावे, मशीन आणि पट्ट्यांची डबी पिशवीतून न्यावी, हात धुऊन पुसावेत, शिरेतून रक्त घेतल्यानंतर पाच मिनिटांच्या आत बोटाचा थेंब मोजावा, आणि अहवाल आल्यावर दोन्ही आकडे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर शेजारीशेजारी लिहावेत. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर पुढचे सहा महिने त्या वहीतील प्रत्येक ओळ डॉक्टर विश्वासाने वाचू शकतील.